नखाला अडकणारा चरा: एका जुन्या घड्याळाच्या काचेचं प्रकरण

मामांचं घड्याळ माझ्या हातात आलं तेव्हा वेळ वाचता येत होती, पण तबकडी नीट दिसत नव्हती. काचेवर इतके बारीक ओरखडे होते की उजेडात धरलं की सगळी काच दुधाळ व्हायची. त्यातून एकच गोष्ट ठळक उठून यायची: ४ च्या खुणेपासून ७ पर्यंत तिरका गेलेला एक खोल चरा. नख फिरवलं की त्यात अडकायचं. "कधी पडला आठवत नाही. पण काच बदलू नकोस, जमलं तर हीच साफ कर," एवढंच मामा म्हणाले.

घड्याळ चावीचं, रुंदी ३४ मिमी, काच उंच घुमटाची. तबकडीवर ६ च्या खाली 'टी स्विस टी' अशी बारीक अक्षरं आहेत. म्हणजे खुणांवर आणि काट्यांवर ट्रिटियमचा, अंधारात चमकणारा किरणोत्सर्गी लेप आहे. ट्रिटियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, १२.३ वर्षं, त्यामुळे लेपाची चमक केव्हाच गेलेली. पण वाळून भुसभुशीत झालेला लेप काच काढताना-बसवताना तबकडीवर गळू शकतो. म्हणून घड्याळ उघडायचं नाही, काच जागेवर ठेवूनच काम करायचं, असं आधीच ठरवलं. लेप रेडियमचा असता तर उघडण्याचा विचारही केला नसता. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य १६०० वर्षं आहे. लेप चमकायचा थांबतो तो त्यातलं प्रत्यक्ष चमकणारं झिंक सल्फाइड थकल्यामुळे, किरणोत्सर्ग तसाच चालू राहतो. असं घड्याळ घरच्या टेबलावर उघडण्याची वस्तू नाही.

काच कशाची आहे?

आपण सगळ्यालाच काच म्हणतो. पण घड्याळावर तीन अगदी वेगळे पदार्थ येतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. ॲक्रिलिक हे प्लास्टिक, १९३३ मध्ये 'प्लेक्सिग्लास' या नावाने बाजारात आलेलं. खनिज काच म्हणजे खिडकीच्या काचेची भावंड. आणि सफायर म्हणजे कृत्रिमरीत्या वाढवलेला नीलम, फक्त रंग नसलेला. मोह्सच्या कठीणपणाच्या मापावर ॲक्रिलिक ३ च्या आसपास, खनिज काच ५ ते ६, सफायर ९. धुळीतली वाळू म्हणजे क्वार्ट्झ, ती ७. हे चार आकडे शेजारी ठेवले की कोणती काच रोजच्या वापरात ओरखडेल आणि कोणती नाही, हे लगेच कळतं.

ओळखायला मी दोन गोष्टी केल्या. काच ओठाला लावली: ती गार लागली नाही. ॲक्रिलिक उष्णता फार हळू वाहून नेतं, खनिज काच त्याच्या साधारण पाचपट वेगाने, सफायर तर कितीतरी जास्त, म्हणून खऱ्या काचा ओठाला गार लागतात. मग दातावर हलकेच टेकवून वाजवली: आवाज बोदा आला, 'टिक' असा आला नाही. सुईने टोचून बघा असाही सल्ला लोक देतात. मला तो पटत नाही. जी काच वाचवायची आहे तिच्यावर आपणच नवी खूण का करायची?

तेलाचा एक थेंब

घासायला सुरुवात करण्याआधी जी तपासणी केली, ती या सगळ्या कामातली सगळ्यात मोलाची ठरली. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टूथपिकच्या टोकावर घेऊन चऱ्यावर ठेवला. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचं माप) १.४९ आणि असल्या तेलाचा १.४७ च्या आसपास. दोन्ही इतके जवळ की प्रकाशाला चऱ्याची भिंत जाणवतच नाही आणि तेलाखाली चरा दिसेनासा होतो. जिल्हई दिल्यावर काच साधारण कशी दिसेल, याची ती आधीच मिळालेली झलक असते. आणि तेलाखालीही जी रेघ टिकून राहते, ती पृष्ठभागावरची नव्हे. ती काचेच्या आतल्या बाजूला आहे, किंवा तडा आहे. वरून कितीही घासलं तरी ती जाणार नाही.

लांब चरा तेलाखाली पूर्ण नाहीसा झाला. पण ४ च्या खुणेपाशी, कडेला लागून, केसासारखी एक छोटी रेघ तशीच राहिली. दहापट भिंगातून पाहिलं तेव्हा ती उजेडात आरशासारखी चमकली. ओरखडा असा चमकत नाही, तडा चमकतो.

हा तडा कुठून आला असेल, याचा विचार करायला हवा होता. ॲक्रिलिकची काच बैठकीपेक्षा किंचित मोठी असते. ती दाबून आक्रसून आत बसवतात आणि सोडली की फुगून कडेला धरून राहते. म्हणजे तिची कड आयुष्यभर ताणात असते. अशा ताणातल्या ॲक्रिलिकला स्पिरिट, ॲसिटोनसारखी द्रावणं लागली की त्यात बारीक तडे पडतात. मामांना विचारलं तर ते वर्षानुवर्षं घड्याळ स्पिरिटच्या बोळ्याने पुसत आले होते. हाच तड्याचा उगम असेल असं मी धरून चाललो आणि त्याप्रमाणे तीन गोष्टी वर्ज्य केल्या: कडेजवळ जोर, कोणतंही द्रावण, आणि फिरतं यंत्र. यंत्राबद्दल एक वेगळी भीतीही होती. ॲक्रिलिक १०५ अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि वेगाने फिरणारं नमद्याचं चाक एका जागी थोडं थांबलं तरी तिथला पृष्ठभाग ओढला जातो. हाताने वेळ लागतो, पण हात तापत नाही.

किती उतरवायचं, हे आधी ठरवणं

'चरा काढला' असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात घडतं ते वेगळंच. चरा म्हणजे जिथली काच गेली आहे ती जागा. ती भरून येत नाही. चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूची सगळी काच खाली आणावी लागते. म्हणून खरा प्रश्न कोणती पेस्ट वापरायची हा नसतो. चरा किती खोल आहे आणि काच किती देऊ शकते, हा असतो.

बहुतेक ॲक्रिलिक काचा १ ते २ मिमी जाडीच्या असतात. काच बसलेली असताना ही जाडी मोजता येत नाही, पण किती उतरली हे मोजता येतं. व्हर्नियर कॅलिपरच्या जबड्यांत पातळ प्लास्टिक धरून, मागच्या झाकणापासून घुमटाच्या माथ्यापर्यंत उंची घेतली, प्लास्टिकची जाडी वजा केली: ११.६२ मिमी. वहीत लिहिलं आणि खाली मर्यादा लिहिली: ०.२ मिमीपेक्षा जास्त नाही. तेवढं उतरूनही चरा राहिला तर तो राहील. या मापात माथा येतो, चऱ्याची जागा येत नाही, हे मला माहीत होतं. पण सगळा घुमट सारखा उतरवला तर माथ्यावरून अंदाज पुरेसा येतो. 'सगळा घुमट सारखा' ही अट मी स्वतःच दुसऱ्या दिवशी मोडली. ते पुढे येईलच.

तयारीत सगळ्यात जास्त वेळ चिकटपट्टीने घेतला. जुन्या घड्याळावर 'पाणीरोधक' लिहिलेलं असलं तरी इतक्या वर्षांनी त्यातलं रबर कडक होऊन फाटलेलं असतं, काचेची कडही पूर्वीसारखी घट्ट नसते. काच न काढता ओल्या कागदाने घासायचं म्हणजे पाणी आत जाण्याचा धोका पत्करणंच. बेझलवर, म्हणजे काचेभोवतीच्या कड्यावर, मास्किंग टेपचे तीन थर लावले, त्यातला आतला थर काचेच्या कडेवर अर्धा मिलिमीटर चढवला. चावी द्यायची गुंडी आणि तिची नळीही टेपने बांधली. कागद भिजवून झटकायचा, काचेवर पाणी ओतायचं नाही, असा नियम केला.

पेस्टने काय होतं, काय होत नाही

पहिल्या दिवशी फक्त पेस्ट. टूथपेस्टमध्ये दात घासायला असलेली कॅल्शियम कार्बोनेट किंवा हायड्रेटेड सिलिका ॲक्रिलिकलाही घासते. घड्याळांसाठी बनणारी पॉलीवॉचसारखी पेस्ट जास्त एकसारखी असते आणि मी तीच वापरली. वाटाण्यापेक्षा कमी पेस्ट, सुती फडकं, तीन-तीन मिनिटांच्या चार फेऱ्या.

दुधाळपणा जवळजवळ संपूर्ण गेला. इतक्या सहजतेने की ज्याच्या काचेवर फक्त रोजच्या वापराचे ओरखडे असतील, त्याने इथेच थांबावं असं मी ठामपणे सांगेन. तबकडीची सोनेरी छटा मी पहिल्यांदाच पाहिली. लांब चरा मात्र जागचा हलला नव्हता. उलट आजूबाजूचं धुकं गेल्यामुळे तो आधीपेक्षा ठळक झाला होता. मामांना फोटो दाखवला तेव्हा त्यांनाही वाटलं की मी तो वाढवला.

खड्डा

दुसऱ्या दिवशी मी ६०० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा सँडपेपर) बोटाएवढा कापला आणि फक्त चऱ्याच्या पट्टीवर घासायला लागलो. उरलेली काच आता इतकी छान दिसत होती की तिला हात लावावासा वाटत नव्हता. वीस मिनिटांत चऱ्याचं अर्ध्याहून जास्त अंग नाहीसं झालं. पेस्ट लावून पुसलं, काच स्वच्छ दिसली आणि मला समाधान वाटलं.

मग खिडकीपाशी उभा राहिलो. खिडकीच्या चौकटीची सरळ रेघ काचेवर पडली होती. घड्याळ हळूहळू कलतं केलं तशी ती रेघ घुमटावरून सरकत आली, ५ च्या खुणेपाशी पोहोचली आणि तिथे पिळवटली. जिथे मी घासलं होतं तिथे एक उथळ द्रोण तयार झाला होता. त्यातून मिनिटांच्या खुणा पाहिल्या की त्या आक्रसल्यासारख्या दिसायच्या आणि डोकं जरा हललं की खुणाही हलायच्या. आपण चरा घालवून त्या जागी एक भिंग बसवलं होतं.

हे मी विस्ताराने सांगतोय, कारण हा दोष साध्या उजेडात दिसत नाही. चरा दिसतो, म्हणून आपण त्याच्यामागे लागतो. द्रोण दिसत नाही, पण घड्याळ हातात घातलं की डोळ्याला सतत काहीतरी खटकत राहतं आणि काय ते सांगता येत नाही. सरळ रेघेचं प्रतिबिंब घुमटावरून फिरवून पाहणं, ही एकच चाचणी त्यासाठी आहे. दर टप्प्याला ती करायला हवी होती.

सगळा घुमट खाली आणणं

द्रोणावर उपाय एकच: उरलेला घुमट त्याच्या पातळीला आणायचा. म्हणजे जे काम टाळायला मी पट्टी घासली, तेच काम आता जास्त करायचं.

बोटाच्या टोकाने घासलं तर बोटाखाली जोर, शेजारी नाही. म्हणून कागदामागे भांडी घासायच्या मऊ स्पंजचा तुकडा घेतला, तो घुमटाला लपेटून बसतो. ८०० नंबरपासून सुरुवात केली. कागदाच्या पाठीवर नंबराआधी 'पी' छापलेला आहे ना, हे पाहून घेतलं होतं, कारण अमेरिकी मापातल्या त्याच नंबरच्या कागदाचा कण वेगळ्या आकाराचा असतो. पी मापात ८०० चा कण सरासरी २२ मायक्रॉनचा, १००० चा १८, १५०० चा साधारण १३, २००० चा १०. १ मिमीचे १००० मायक्रॉन होतात. प्रत्येक कागद आपल्या कणाच्या मापाप्रमाणे लहानमोठ्या चऱ्या मागे ठेवतो आणि पुढच्या कागदाचं काम एवढंच असतं की आधीच्याच्या सगळ्या चऱ्या काढून स्वतःच्या ठेवायच्या.

आधीच्या चऱ्या संपल्या हे कळण्यासाठी दिशा बदलायची: ८०० ने १२ कडून ६ कडे घासलं, तर १००० ने ९ कडून ३ कडे. कुठे उभी रेघ उरली असेल तर ती आडव्यांत लगेच दिसते. शिवाय पाण्याने पुसली जाणारी स्केचपेन काचेवर फिरवायची. शाई खाचांत बसते, आणि घासल्यावर जिथे शाई राहते तिथे अजून खोलगट आहे. कायमस्वरूपी मार्कर घेऊ नये, त्यात तेच स्पिरिट असतं. द्रोणाची कड कुठे आहे, हे मला या शाईनेच दाखवलं. पहिल्या फेरीनंतर ५ च्या वर डाळीएवढा निळा ठिपका उरला होता, पाचव्या फेरीत तो गेला.

आणखी एक गोष्ट हातून घडल्यावर समजली. ओली काच नेहमी चांगली दिसते. कारण तेच, तेलाचं: पाणी खाचा भरतं आणि प्रकाशाला फसवतं. दोनदा मी ओल्या काचेवर विश्वास ठेवून पुढच्या कागदावर गेलो आणि दोनदा परत आलो. मग प्रत्येक टप्प्याला पूर्ण पुसून, सुकवून, भिंगाखाली पाहायचं ठरवलं.

तरीही एक घाई केली. १००० वरून थेट २००० वर उडी मारली. जिल्हई दिल्यावर मध्यभाग निर्मळ होता, पण दिवा बाजूला धरला की ९ च्या बाजूला बारीक समांतर केस दिसायचे. २००० चा कागद १००० च्या चऱ्यांच्या तळापर्यंत पोहोचलाच नव्हता. मागे जाऊन १५०० केला, मग २०००, मग ३०००, आणि मग पेस्ट. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. पृष्ठभागाची खडबड त्याच्या बरीच खाली गेली की प्रकाश विखुरत नाही आणि आपण काच 'दिसत नाही' असं म्हणतो. कागद तिथपर्यंत नेत नाही, शेवटचा पल्ला पेस्टचाच. पण कागदाने ठेवलेली खोल खाच पेस्टच्या आवाक्याबाहेरची असते.

विमानांच्या ॲक्रिलिक खिडक्यांसाठी बनलेले मायक्रोमेशचे कापडी तुकडेही या कामाला चांगले. १५०० पासून १२००० पर्यंत त्यांचे नंबर जातात, मात्र ते साध्या कागदाच्या नंबरांशी जुळत नाहीत, एकाच नंबराचा मायक्रोमेश जास्त भरड असतो.

हे सगळं वाचून कुणी खनिज काचेच्या घड्याळाला कागद लावेल, म्हणून इथेच सांगतो: लावू नका. खनिज काचेला सीरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून नमद्यावर घासतात. ती नुसती घासत नाही, काचेच्या पृष्ठभागाशी रासायनिक क्रियाही करते, म्हणून तिची जिल्हई इतकी चांगली येते. पण काम फार हळू होतं. हलके ओरखडे जातात, नखाला अडकणारा चरा तासन्‌तास घासूनही जात नाही, आणि काच रासायनिक प्रक्रियेने कणखर केलेली असेल तर तो वरचा थरच आपण उतरवतो. सफायरला फक्त हिऱ्याची पेस्ट लागते. ती घरी हाताने करण्यात मला अर्थ दिसत नाही, आणि वरून परावर्तनरोधक लेप असेल तर तो आधी जातो. या दोन्हींची काच बदलणं बरं.

थांबायची वेळ

चौथ्या संध्याकाळी उंची ११.४४ आली. म्हणजे ०.१८ मिमी उतरलं होतं. द्रोण गेला होता, चौकटीची रेघ आता घुमटावरून न अडखळता फिरत होती. चऱ्याचा सगळ्यात खोल भाग मात्र ५ च्या जवळ, तीळभर लांबीचा, अजून शिल्लक होता. आणखी ०.०२ उतरवायला वहीप्रमाणे परवानगी होती. पण कॅलिपरच्या वाचनातच तेवढी चूक असू शकते आणि पातळ झालेली काच कडेला कमी जोराने धरते, हे मनात होतं. पट्टी एकटी घासण्यात दुसऱ्या दिवशी जी काच वाया गेली, ती हातात असती तर हा तीळही गेला असता. त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. थांबलो.

टेप काढला, कड कोरड्या मऊ कुंचल्याने झाडली. घासलेल्या ॲक्रिलिकवर स्थिर विद्युतभार साचतो आणि धूळ चिकटते, म्हणून शेवटचं पुसणं किंचित दमट फडक्याने केलं. काचेच्या आत वाफ धरली नाही ना, हे पाहायला घड्याळ रात्रभर तबकडी वर करून ठेवलं. धरली नव्हती.

मामांना घड्याळ देताना तड्याबद्दल सगळं सांगितलं: स्पिरिट बंद, पाणी लागू द्यायचं नाही, आणि काच फुटली तर ती तड्यातून फुटेल, चऱ्यातून नाही. त्यांनी ते ५ च्या शेजारच्या तिळाकडे धरून पाहिलं आणि म्हणाले, "हा राहिलेला तुकडा मला दिसतोय. बरंय."

तड्याची लांबी वहीत काढून ठेवली आहे: बेझलच्या कडेपासून मिनिटांच्या खुणांच्या बाहेरच्या वर्तुळापर्यंत. तीन महिन्यांनी भिंगातून परत पाहिला, तिथेच होता. त्याच व्यासाची आणि तितक्याच उंच घुमटाची नवी काच मिळवून डबीत ठेवली आहे. तडा खुणांच्या वर्तुळाच्या आत आला की घड्याळ जाणत्या कारागिराकडे जाईल, आणि ट्रिटियमचं त्याला आधीच सांगितलं जाईल.